कैगा येथे अपघात झाल्यास खानापूर (जि. बेळगाव) तालुक्यात काय करावे?

प्रश्न (खानापूरकर):
कैगा अणुवीज केंद्रात अपघात झाल्यास आयोडीनयुक्त मिठाचे पाणी पिऊन तत्काळ कोल्हापूरकडे निघावे, असा संदेश आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहे. आमचे घर मंगळुरी कौलांचे आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि घरात चार वर्षांची नात आहे. या संदेशात तथ्य किती?

उत्तर (निवृत्त विज्ञान शिक्षक, टिळकवाडी):
दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. कैगा उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी असून तेथून खानापूर सरळ रेषेत ८० किलोमीटरहून दूर आहे. केंद्राबाहेरील आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरच्या परिघासाठी केले जाते. तरीही धोक्याची सूचना मिळालीच, तर वाहनांच्या रांगेत अडकण्यापेक्षा दारे-खिडक्या व पंखे बंद करून माजघरात बसणे अधिक सुरक्षित. कौलांच्या फटींतून धूळ उतरते, म्हणून शेजारी स्लॅबचे घर असल्यास वेळीच तिकडे जावे. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे पडवीतच उतरवून पिशवीत बांधावेत आणि त्वचा न खरवडता साबणाने अंघोळ करावी.

मिठाचा हिशेब तर हास्यास्पद आहे. अशा अपघातात देतात त्या आयोडीनच्या प्रौढाच्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. तेवढे मिठातून मिळवायचे तर तीन किलोहून अधिक मीठ खावे लागेल! शिवाय ती गोळी किरणोत्सारी आयोडीनपासून केवळ थायरॉईड ग्रंथीचे रक्षण करते. मुलांना तिची गरज अधिक असते, परंतु वयानुसार मात्रा बदलत असल्याने ती प्रशासनाने सांगितल्यावरच द्यावी.

उत्तर (दूध उत्पादक, नंदगड):
म्हशी गोठ्यात बांधाव्यात, वैरण ताडपत्रीखाली ठेवावी आणि आड झाकावा. चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील अपघातानंतर (१९८६) अनेक मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला, त्याचे मोठे कारण दूषित चाऱ्यातून दुधात उतरलेले आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन होते. त्याची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होत असली, तरी तपासणी होईपर्यंत नातीला घरचे ताजे दूध देऊ नये.

उत्तर (फौंड्री कामगार, उद्यमबाग):
विषयाला थोडा फाटा फोडतो. माझ्या मते आपल्या भागात कैग्यापेक्षा भंगाराकडे अधिक लक्ष हवे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. पिवळ्या पट्टीवर किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण असलेले, आकाराच्या मानाने फार जड असे धातूचे भांडे दिसल्यास ते उघडू अथवा कापू नये. सर्वांना दूर करून ११२ वर कळवावे.

प्रश्नकर्ता:
सर, आभारी आहे. शेजारच्या काकांचे घर स्लॅबचे आहे, त्यांच्याशी आजच बोलून ठेवतो. आमच्या आडाला झाकण नाही, तेही करून घेतो.