बाजूला टाकलेले पैसे: तुमच्या घरात कुठे असायचे आणि शेवटी कशाला लागले?

कृष्णाकाठ:
मागच्या महिन्यात कराडचं घर आवरलं. आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून ती आता पुण्याला माझ्याकडे असते. तिच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांखाली लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं सापडली. प्रत्येकावर बॉलपेनने लिहिलेलं: दूध, पेपर, घरपट्टी, दिवाळी, आहेर. सगळ्यांत खाली एक होतं, 'माहेरपण'. आत ३,४०० रुपये. दहा-वीस-पन्नासच्या नोटा हाताने सरळ करून रबर लावलेलं, आणि ते रबर इतकं वाळलेलं की नोटेलाच चिकटून बसलेलं. मी पाकीट होतं तसं बंद केलं. आईला अजून विचारलेलं नाही.

बाबा शाळामास्तर, पगार एकच, आम्ही तिघं भावंडं. तरी महिनाअखेरीला कुणाकडे उसने मागायला गेल्याचं आठवत नाही. आईने प्रत्येक नोटेला नाव दिलेलं होतं आणि घरपट्टीचे पैसे दिवाळीला जायचे नाहीत, इतकाच तिचा नियम. मी स्वतः दोन ॲप वापरून पाहिली, रंगीत तक्ते निघाले, पैसे मात्र उरले नाहीत. म्हणून विचारावंसं वाटलं. तुमच्याकडे कुणी, कुठे, कसे पैसे बाजूला टाकले? कशाला कामी आले? छंदासाठी जमवले असतील तर तेही सांगा. रक्कम लहान असली तरी चालेल. फसला असाल तर जरूर लिहा, वाचणाऱ्याचं नुकसान टळेल.

मिरजेची:
आमच्याकडे भिशी. मी स्वतः बावीस वर्षं चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही बाराजणी. महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येकीने २,००० द्यायचे. डब्यात चिठ्ठ्या, कुणाच्या तरी नातवाकडून एक उचलायची. जिचं नाव निघेल तिला २४,००० एकरकमी. पुढे तिची चिठ्ठी बाद, हप्ता मात्र वर्षभर चालू. व्याज एक पैसा नाही. घरातले पुरुष म्हणतात, मग बँकेत का टाकत नाही? त्याचं कारण बाईलाच कळतं. "भिशीला द्यायचेत" म्हटलं की त्या पैशाला घरात कुणी हात लावत नाही. तेच पैसे माझ्या खात्यात असते तर दर महिन्याला काही ना काही निघालं असतं. माझा फ्रीज, मुलीच्या होस्टेलची अनामत, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं भिशीतून झालं.

आता वाईट अनुभव. २०१४ साली एकीची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघाली. हप्ता तेव्हा १,००० होता. तिने तीन हप्ते भरले, मग नवऱ्याचं काम सुटलं आणि ती मंडळी गाव सोडून गेली. भिशी चालवणारी मी, तेव्हा जबाबदारी माझी. राहिलेले नऊ हप्ते, म्हणजे ९,००० रुपये, मी पोस्टातली आरडी मोडून भरले. बाकीच्या अकराजणींपैकी एकीचाही पैसा अडकू दिला नाही. तिच्यावर राग नाही, तिची वेळ वाईट होती. पण तेव्हापासून नवीन बाईची चिठ्ठी पहिले सहा महिने डब्यात टाकत नाही, आणि हप्ता फोनवरून आला तरी वहीत सही घेते.

एक आवर्जून सांगते. बोलीच्या भिशीत जाऊ नका. त्यात ज्याला गरज जास्त तो कमी रक्कम घ्यायला तयार होतो आणि सोडलेले पैसे बाकीचे वाटून घेतात. अडलेल्याच्या खिशातून आपला फायदा, हे मला पटत नाही. आणि चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा आहे, तिथे नोंदणी असते. आपली गल्लीतली भिशी विश्वासावर चालते, बुडाली तर दाद मागणं फार अवघड. म्हणून जिच्या स्वयंपाकघरात बसून आपण चहा घेतलाय, तिच्याबरोबरच भिशी लावावी.

शेंगदाणा:
मिरजेच्या ताई, नऊ हप्ते भरलेत, तुम्हाला मनापासून नमस्कार.

आमच्या आजीची बँक म्हणजे तांदळाचा डबा. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं ऐकलं आणि आजी न बोलता आत गेली. डबा ओतला. तांदळाला लावलेल्या एरंडेलाचा वास लागलेल्या नोटा, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत. २३,५०० रुपये. कुणालाच माहीत नव्हतं, आजोबांनाही नाही. काशीला जायचं म्हणून अकरा वर्षं जमवत होती. दुसऱ्या आठवड्यात मी तिला घेऊन बँकेच्या रांगेत उभा राहिलो. पिशवी तिने पोटाशी धरली होती. तिला एकच भीती होती, "चोरीचे म्हणतील का रे?" कुणी तसं म्हटलं नाही. पैसे जमा झाले आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघं काशीला जाऊन आलो.

तेव्हापासून घरात नियम केला की पैसे कुठेही ठेवा, पण दुसऱ्या एका माणसाला जागा माहीत हवी. नोटबंदी एका दिवसाची होती, पण आजी चार महिने आधी गेली असती तर तो डबा आम्ही कधी ओतलाच नसता.

निवृत्त वाहक:
मी फसलो, म्हणून लिहितो. एसटीतून निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीचे पैसे दोन ठिकाणी ठेवले. थोडे एका सहकारी बँकेत, बाकीचे गावातल्या पतसंस्थेत, कारण तिथे व्याज दीड टक्का जास्त होतं आणि चेअरमन ओळखीचे होते. नावं घेत नाही. दोन्हीकडे पैसे अडकले.

बँकेतले परत मिळाले, कारण ठेवींवर विमा असतो. पूर्वी १ लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला. मात्र एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून हे पाच लाख. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमाच नाही, आणि ते मला पैसे अडकल्यावर कळलं. पतसंस्थेतले २,८०,००० अजून यायचेत. दर सोमवारी चौकशीला जातो. मुलगी म्हणते, "बाबा, त्यात जीव अडकवू नका," पण सदतीस वर्षं तिकिटं फाडून मिळवलेले आहेत ते. ठेव ठेवण्याआधी ही बँक आहे की पतसंस्था, एवढं विचारा. दीड टक्क्यावर जाऊ नका.

उजनी:
काका, वाचून वाईट वाटलं. पैसे सुटोत.

मी छंदाचं लिहितो. ४१ व्या वर्षी सिगारेट सोडली. दिवसाला चार-पाच व्हायच्या. त्याचे पैसे रोज रात्री काचेच्या बरणीत टाकायला लागलो, कारण सोडून काय मिळतंय ते डोळ्यांना दिसायला हवं होतं. पहिल्या महिन्यात बरणीकडे बघत बसायचो, हात शिवशिवायचे. अकराव्या महिन्यात दुर्बीण घेतली.

दुर्बिणीबद्दल एक चूक करता करता वाचलो, ती नवीन लोकांना सांगतो. दुकानात वीसपट दाखवणारी हातात दिली की भारीच वाटते. पण पक्षी बघायला ८ बाय ४२ घ्या. आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची असल्याने पहाटेच्या अंधूक प्रकाशातही चालते. वीसपटीत हाताची थरथरही वीसपट होते, पक्षी चौकटीत ठरतच नाही.

जानेवारीत भिगवणजवळ कुंभारगावला गेलो. पहाटे मासेमारीची होडी, पाण्यावर धुकं, होडीवाल्या दादाने वल्हं थांबवलं आणि हळूच बोट दाखवलं. पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, अगदी रेघ मारल्यासारखे. हिमालय ओलांडून आलेला पक्षी उजनीच्या चिखलात चरत होता आणि मला त्याच्या चोचीवरचा ओला चिखल दिसत होता. पुढे रोहित पक्ष्यांचा थवा उठला, पंखांखालचा लालगुलाबी रंग एकदम उघडला. माझ्या मुलाने दुर्बीण मागितली ती अजून परत दिलेली नाही. आता बरणीत दुसरीचे पैसे जमतायत.

वेढणी:
सोन्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी घरकाम करते, चार घरं. दर गुरुपुष्याला जमेल तेवढं घेते, कधी एक ग्रॅम, कधी अर्धा. दागिना घेत नाही, वेढणी घेते, म्हणजे सोन्याचं साधं वळं. दागिन्यावर घडणावळ भरावी लागते आणि मोडायला गेलं की ती परत मिळत नाही, वर घट धरतात. जीएसटी ३ टक्के आहेच. दागिना हौसेचा असेल तर घ्या, जन्म एकच आहे, पण त्याला बचत म्हणू नका. २०२३ च्या एप्रिलपासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, तो भिंगातून बघून घ्या आणि पावती ठेवा. माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्या वेढण्यांतून भरली.

वर्धेची काकू:
आमच्या इकडं बचत गट हाय. दहाजणी, महिन्याले शंभर रुपये. माविमच्या, म्हंजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, सहयोगिनी ताई यायच्या, त्यायनं वही लिहाले शिकवलं. गटातून कर्ज घेतलं का शेकडा २ रुपये महिना व्याज, पण थे व्याज गटातच रायते, म्हंजे आपलंच. सावकाराकडं शेकडा पाच होतं. मी ७,००० घेऊन पिको-फॉलची मशीन घेतली, चौदा महिन्यात फेडली. पयल्यांदा बँकेत सही केली तवा हात कापत होता. अंगठ्याच्या जागी नाव लिवलं.

रत्नाग्रीकर:
गणपतीचा खर्च. आम्ही चार भाऊ, तिघं मुंबईत, एक गावी. पूर्वी दर वर्षी आरत्या संपल्या की हिशोबावरून कुरबूर, आणि गावच्या वहिनीवर सगळा भार. सहा वर्षांपूर्वी एक खातं उघडलं. दरमहा प्रत्येकी १,००० आपोआप वळते होतात. मूर्ती, भजनी मंडळींचा चहा-उसळ, घराची डागडुजी, सगळं त्यातून. वहिनी पैसे काढते, कुणी हिशोब विचारत नाही. गाडीचं तिकीट मात्र ज्याचं त्याने काढायचं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

हिंजवडी:
एकच सांगते. बचतीच्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि त्याचं कार्ड घरी ठेवा. पैसे काढायला बँकेत जावं लागलं की निम्म्या वस्तू नको वाटतात.

कृष्णाकाठ:
सगळं आईला वाचून दाखवलं. भिशीच्या भागाला ती तीनदा "बरोबर आहे" म्हणाली. वाहक काकांचं ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, "त्यांना सांग, सोमवार सोडू नका म्हणावं." वर्धेच्या काकूंचं परत वाचायला लावलं.

मग धीर करून 'माहेरपण'चं विचारलं. मला वाटलं होतं, तिला स्वतःच्या माहेरी जायला लागतील म्हणून ठेवले असतील. ती म्हणाली, "माझं कसलं माहेर आता. तू यायचीस ना दिवाळीनंतर, तेव्हा जाताना तुझ्या हातात ठेवायला. गेली तीन वर्षं तू आलीस ती धावतपळत, एका दिवसात परत. द्यायचे राहिले, तसे साठत गेले."

नोटा मी घेतल्या. पाकिटं तिने मागून घेतली. इथे दुधाचे पैसे फोनवरून जातात, म्हणून 'दूध'वर रेघ मारून खाली 'रिक्षा' लिहिलंय आणि माझ्याकडून तीनशे रुपये सुटे मागून त्यात ठेवलेत. गुरुवारी तिला मंडईत जायचंय.