शब्दचर्चा : ‘ऑक्लूजन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (रावेर) : केळीच्या बागेतील छायाचित्रांवरून घड मोजणाऱ्या संगणकप्रणालीविषयी शेतकऱ्यांसाठी टिपण लिहीत आहे. पानामागे किंवा शेजारच्या घडामागे गेल्यामुळे अर्धवटच दिसणारा घड ओळखण्याच्या अडचणीला त्या क्षेत्रात ‘ऑक्लूजन’ म्हणतात. ‘लपणे’, ‘झाकणे’ आणि ‘अडथळा’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर (धुळे) : तिन्ही टाळावेत. लपण्यात हेतू असतो. अहिराणीतल्या ‘दपणे’तही तो आहेच. ‘झाकणे’ म्हटले की वाचकाला घडावर चढवलेली स्कर्टिंग बॅग आठवेल, आणि ती अडचण निराळी आहे, कारण तिथे प्रणालीला बॅगेचेच रूप शिकवावे लागते. ‘अडथळा’ फक्त पुढच्या वस्तूविषयी बोलतो. चंद्रामागे तारा जातो त्याला खगोलशास्त्रात ‘पिधान’ म्हणतात. तो शब्द नेमका असला तरी टिपणाला जड होईल. मी ‘आड’ घेईन : आड आलेले पान, आड गेलेला घड. पुढे कोण आणि मागे कोण, हे त्यातून आपोआप कळते.

छायाचित्राच्या कडेला कापला गेलेला घड मात्र ‘आड गेलेला’ नव्हे, त्याला ‘कडेला तुटलेला’ म्हणावे. जर्मनीतील कार्लस्रूह परिसरात वाहनावरून टिपलेल्या ‘किटी’ या चित्रसंग्रहातही या दोन्ही गोष्टींची नोंद वेगवेगळी केलेली आहे.

प्रश्न (रावेर) : ‘आड’ पटले. पण ‘अमोडल सेगमेंटेशन’चे काय करावे?

उत्तर (जळगाव) : ‘अखंड रेखाटन’ चालेल, मात्र पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडून सांगावा : वस्तूचा दिसणारा भाग तेवढाच न आखता, आड गेलेल्या भागासह तिची पूर्ण आकृती अंदाजाने आखणे. त्या न दिसणाऱ्या भागाची खरी सीमा शिकवण्यासाठी आणायची कुठून, हा पेच होता. 2016 मध्ये संशोधक के ली आणि जितेंद्र मलिक यांनी त्यावर सोपी युक्ती योजली : पूर्ण दिसणाऱ्या वस्तूंवर दुसऱ्या वस्तूंची चित्रे चिकटवली, म्हणजे झाकलेल्या भागाची सीमा आधीच हाती राहिली. शिकवणीच्या चित्रांतला एखादा चौकोन वाटेल तिथे पुसून टाकण्याची पद्धत याहून साधी आहे. तीमुळे प्रणाली एकाच ठळक खुणेवर विसंबत नाही. तिला ‘यादृच्छिक खोडणी’ म्हणता येईल.

टिपणात आणखी एक गोष्ट अवश्य घ्यावी, कारण मोजणी तिथेही चुकते. एकाच घडाभोवती प्रणाली अनेक चौकटी आखते आणि त्यांतली सर्वांत खात्रीची ठेवून तिच्यावर फार चढलेल्या बाकीच्या काढून टाकते. आता एका घडाआड दुसरा घड असेल, तर त्याची चौकटही पुनरावृत्ती समजून काढली जाते आणि दोन घड एकच मोजले जातात. 2017 मधील ‘सॉफ्ट-एनएमएस’ ही पद्धत अशी चौकट काढून न टाकता तिचे खात्रीचे गुण कमी करते. जादा चौकटी काढण्याच्या मूळ क्रियेला (‘एनएमएस’) मी ‘चौकटींची विरळणी’ म्हणेन. विरळणी आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

उत्तर (धुळे) : ‘विरळणी’ला अनुमोदन. ‘यादृच्छिक’ऐवजी मात्र ‘कुठेही केलेली खोडणी’ लिहावे.