शब्दचर्चा : ‘पुनर्वसन’ की हुसकावून लावणे?

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीची कागदपत्रे मराठीत आणताना ‘रीसेटलमेंट’ला सरसकट ‘पुनर्वसन’ म्हणावे, असे येथे सुचवण्यात आले आहे. मला ते अजिबात मान्य नाही. मराठीत पुनर्वसन हा धरणग्रस्तांनी झगडून मागितलेला हक्क आहे. कोयनेपासून त्या शब्दामागे ‘आमची जमीन घेतलीत, आता आम्हांला नीट वसवा’ अशी मागणी उभी आहे. जोहान्सबर्गमधील सोफियाटाउन या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या रहिवाशांनी असे काहीही मागितले नव्हते. फेब्रुवारी १९५५मध्ये सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात सामानासकट ट्रकांत घालून त्यांना शहराबाहेरच्या मेडोलँड्स या वसाहतीत नेण्यास सुरुवात झाली, पुढे वस्ती जमीनदोस्त करण्यात आली आणि त्या जागी उठवलेल्या गोऱ्यांच्या वसाहतीला ‘ट्रिऑम्फ’, म्हणजे ‘विजय’, हे नाव देण्यात आले. ज्या १९५४च्या कायद्याखाली हे घडले, त्याच्या नावात मात्र ‘रीसेटलमेंट’च होते.

‘स्थलांतर’ त्याहून फसवे आहे, कारण ते माणूस स्वतःच्या पायांनी करतो. ‘विस्थापन’ चुकीचे नाही, पण त्यात विस्थापित करणारा दिसत नाही. ‘हुसकावून लावले’ म्हटले, की ‘कोणी?’ हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो, म्हणून मी तेच क्रियापद वापरतो.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाच्या १९९५च्या कायद्यात मानवी हक्कांच्या घोर उल्लंघनाची व्याख्या हत्या, अपहरण, छळ आणि गंभीर दुर्वर्तन एवढ्यापुरती होती. त्यामुळे वीस हजारांहून अधिक पीडितांचे जबाब आयोगाच्या दप्तरी आले, तरी १९६० ते १९८३ या काळात हलवले गेलेले अंदाजे पस्तीस लाख लोक केवळ घरदार गमावल्यामुळे ‘पीडित’ ठरले नाहीत. आपणही ‘पुनर्वसन’ लिहिले, तर तीच वगळणूक मराठीत पुन्हा होईल.

मूळ कागदातील शब्द मात्र बदलू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रदेशातील कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या जमिनींना सरकारी लेखी ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणत. तेथे ‘काळा डाग’ असेच, अवतरणचिन्हांत, लिहावे, कारण तो शब्द स्वतःच पुरावा आहे.

‘दप्तर’ आणि ‘अभिलेख’ यांतही मी भेद करीन. दप्तर सरकारचे असते आणि सरकार ते जाळू शकते : १९९३मध्ये तेथील राष्ट्रीय गुप्तवार्ता सेवेने सुमारे ४४ टन कागद व इतर सामग्री नष्ट केली. अभिलेख मात्र लोकांच्या हातीही उरतो. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून साठ हजारांहून अधिक लोकांना हुसकावून लावल्यावर तेथील रस्त्यांच्या नावांच्या पाट्या पाडकामावरच्या एका मुकादमाने फेकून न देता घरी जपून ठेवल्या. आज त्या तेथील संग्रहालयात टांगलेल्या आहेत आणि त्यांना मी निःसंकोच ‘अभिलेख’ म्हणेन.