पुरात भामरागडला रसद आणायला एअरशिप चालेल का? आणि टेहळणीला?

पर्लकोटा_काठ:
पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की गडचिरोलीतलं भामरागड तुटते. ढग खाली आले की हेलिकॉप्टरचाही भरवसा नाही. एअरलँडर १० हे एअरशिप, म्हणजे हेलियम भरलेलं हवाई जहाज, १० टन उचलते, धावपट्टी लागत नाही, असं वाचून राहिलो. अमेरिकन लष्करानं मुळात ते टेहळणीसाठीच बनवून घेतलं होतं म्हणतात. मग तांदूळ अन् जवानांची रसद त्यानं आणता येईल का? जंगलावर नजर ठेवायला कितपत कामाचं? हिशेबासकट सांगा जी.

वजनकाटा:
उचलणं सोपं आहे भाऊ, अडते ते उतरवताना. १० टन म्हणजे ५० किलोची २०० पोती. ती काढली की जहाज तेवढ्याच जोरानं वर ओढ घेते. म्हणून बदल्यात १०,००० लिटर पाणी भरायचं, म्हणजे ५,००० लिटरचे दोन टँकर. मोटरपंप सेकंदाला १० लिटर देत असेल तर १७ मिनिटं. क्रम चुकवायचा नाही: आधी टनभर पाणी, मग टनभर पोती. उलट केलं तर सगळा ताण दोरांवर येतो.

एअरलँडर संकरित आहे. बराचसा भार हेलियम उचलतो, उरलेला पुढे जाताना पसरट आकारामुळे मिळणाऱ्या उचलीवर. त्यानं पाण्याचा व्याप कमी होतो, पण मोकळी लांब जागा लागते. शिवाय ९२ मीटरचं जहाज नाकानं खांबाला बांधलं की वाऱ्यासोबत गोल फिरते. १२० मीटर त्रिज्या धरा, ११ एकर झाले. साग-मोहाच्या जंगलात एवढं रान कुठून काढणार? नोव्हेंबर २०१७ मध्ये इंग्लंडात कार्डिंग्टनला हेच जहाज खांबावरून सुटलं आणि सुरक्षा यंत्रणेनं आवरण फाडून हेलियम सोडून दिला.

पावसाचंही वजन धरा. वरच्या ३,५०० चौरस मीटरवर ०.२ मिलिमीटर पाणी थांबलं तरी ७०० किलो होतात, १४ पोती गेली. आणि खालच्या ढगात वैमानिकाला दिसत नाही, हे हेलिकॉप्टरसारखंच.

दोरावरचा_डोळा:
टेहळणीबद्दल. त्या अमेरिकन प्रकल्पाचं लक्ष्य २०,००० फुटांवर सलग २१ दिवस राहण्याचं होतं. ७ ऑगस्ट २०१२ ला न्यू जर्सीत लेकहर्स्टला पहिलं उड्डाण झालं, फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रकल्प बंद. एकाच जागेवर नजर ठेवायची तर एरोस्टॅट, म्हणजे दोराला बांधलेला हेलियमचा फुगा, बरा. आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं 'आकाशदीप' बनवला तो हाच प्रकार. वीज आणि ऑप्टिकल फायबर दोरातूनच जातात, त्यामुळे इंधनासाठी उतरावं लागत नाही.

१,००० मीटरवरून क्षितिज ११० किलोमीटरवर असते, पण या आकड्यावर भुलू नका. १५ किलोमीटरवरच्या जंगलाकडे नजर जेमतेम ४ अंशांनी तिरपी पडते. पावसाळ्यात सागाच्या पानांखालचं काही दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्यालाही नाही. पानगळीत, फेब्रुवारी ते मे, बरंच दिसते. रस्ता, पूल, नदीपात्र यांसाठी मात्र उत्तम.

एरोस्टॅटचा बिघाड शेपटीपासून सुरू होतो, कारण तिचे पंख हवेच्या दाबानंच ताठ राहतात. मेरीलँडमधला अमेरिकन लष्कराचा जेलेन्स हा एरोस्टॅट २८ ऑक्टोबर २०१५ ला सुटला तो असाच. दाब मोजणारी पिटो नळी बिघडली, शेपटीत हवा भरली गेली नाही, फुगा वाऱ्यात भरकटला आणि दोर तुटला. तो दोर ओढत त्यानं पेनसिल्व्हेनियापर्यंत विजेच्या तारा पाडल्या. आपोआप हेलियम सोडणाऱ्या यंत्रात बॅटरीच बसवलेली नव्हती!

पर्लकोटा_काठ:
अन् खालून गोळी लागली तर?

दोरावरचा_डोळा:
एरोस्टॅट फुटत नाही. आतला दाब बाहेरपेक्षा साधारण ५ मिलिबारच जास्त, म्हणजे ५ सेंटिमीटर पाण्याएवढा. हेलियम हळूहळू झिरपतो, खाली घ्यायला वेळ मिळतो. मे-जूनचं वावधन जास्त घातक. विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, मिनिटाला ५० मीटर ओढत असेल तर १,००० मीटरवरून २० मिनिटं लागतात, आणि ताशी ६० किलोमीटरनं येणारं वादळ तेवढ्यात २० किलोमीटर कापते. त्यामुळे वीज ३० किलोमीटरवर असतानाच ओढायला सुरुवात करायची आणि खाली आल्याबरोबर नाक खांबाला बांधायचं.