सिंहगडाची घोरपड: मुलांना सांगायची की नाही?

सह्यवारा
गेल्या रविवारी लेकीच्या शाळेच्या सहलीबरोबर सिंहगडावर होतो. तानाजी कड्यापाशी एक काका मुलांना गोष्ट सांगत होते. घोरपडीच्या कमरेला दोर बांधला, ती सरसर वर गेली, कड्याला घट्ट चिकटून बसली आणि त्या दोरावरून मावळे चढले. मुलं भान हरपून ऐकत होती. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं तेव्हापासून टोचतंय, म्हणून हा धागा.

माझं मत: घोरपड इतिहास म्हणून सांगू नये. गडावर तर नाहीच.

कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती १६९४ ते १६९७ च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. म्हणजे मध्ये पंचवीसेक वर्षं. त्या बखरीत घोरपड नाही. पाचशे माणसं घेऊन तानाजी गडाखाली गेला, दोन मर्द मावळे निवडून रात्री कड्यावरून चढवले, ते वानरासारखे चढले, वर जाऊन त्यांनी माळ लावली आणि तीनशे जण गडावर आले. सगळं त्या दोघांवर होतं. रात्रीची वेळ, वर मुघलांचा किल्लेदार उदेभान आणि त्याचे रजपूत. बखरीत त्यांची नावंही नाहीत. उरलं होतं ते एवढं श्रेय, तेही आपण त्यांच्याकडून काढून घेतलं.

'गड आला पण सिंह गेला' याचंही तसंच. महाराजांच्या १६६३ च्या पत्रात या गडाला सिंहगडच म्हटलंय, तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी. आणि सभासदाचं वाक्य आहे, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." माणसालाच गड म्हटलंय. मला तरी हे सिंहापेक्षा मोठं वाटतं.

पोलादपूरकर
पूर्णपणे असहमत. आणि थोडं दुखावूनच लिहितोय.

आमच्या तालुक्यात उमरठ आहे, तिथे तानाजीरावांची समाधी आहे. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. सभासद कोण हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण तुळशीदास शाहिराचा पोवाडा त्यांना तोंडपाठ होता, 'आधी लगीन कोंडाण्याचं' म्हणताना त्यांचा आवाज चिरकायचा. तानाजी आमच्या घरात आला तो असा. बखरा दप्तरात पडून होत्या तेव्हा हे नाव कोणी जागतं ठेवलं, ते विसरू नका.

पोवाड्यातली घोरपड नीट ऐकलीत का? ती माघारी फिरते. तो अपशकुन असतो. सोबतचे चरकतात, आणि तानाजी मागे फिरत नाही. शाहिराला कडा कसा चढला ते सांगायचंच नाहीये. शकुन उलटा पडला तरी जो जातो, तो माणूस त्याला दाखवायचाय. ते खोटं आहे का?

आणि सभासद तरी कड्यावर कुठे हजर होता? 'वानरासारखे' हीसुद्धा उपमाच की.

दोरखंड
पंधरा वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतोय, तेवढ्यापुरतंच बोलतो.

सभासदाचं वर्णन वाचलं की चढणाऱ्याला लगेच पटतं. आधी उत्तम चढणारे एकदोघे मोकळे वर जातात, वर पक्का आधार शोधून दोर सोडतात, मग बाकीचे. आजही आम्ही हेच करतो. 'माळ' म्हणजे दोराची शिडी असावी, असं मी समजतो. तीनशे माणसं नुसत्या दोरावर चढवणं फार वेळखाऊ झालं असतं.

घोरपडीची पकड चांगली असते यात शंका नाही. पण तिचं वजन असतं काही किलो. साठ किलोचा गडी लटकला की ती पकड टिकायची नाही.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही. ती माघ वद्य नवमीची रात्र होती. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे अर्धी रात्र काळोखाची, आणि माघातली थंडी. दगड हाताला बर्फासारखा लागतो त्या दिवसांत. मुलांना हे सांगा. घोरपडीची आठवणसुद्धा येणार नाही त्यांना.

नागनायकाची लेक
तुम्ही सगळे एकाच रात्रीत अडकला आहात. म्हणूनच मला ही दंतकथा खटकते. ती खरी की खोटी हा वाद नंतरचा, ती बाकीचं सगळं झाकून टाकते.

तानाजीच्या ३४२ वर्षं आधी, १३२८ मध्ये, मुहम्मद बिन तुघलकाने या गडाला वेढा घातला होता. गड नागनायक नावाच्या कोळी सरदाराकडे होता. आठ महिने त्याने तो लढवला. गडावरचं धान्य संपलं तेव्हा नाइलाजाने खाली उतरला. दिल्लीच्या सुलतानासमोर आठ महिने! आणि हे आपल्याला कळतं ते इसामीच्या फारसी काव्यातून, १३५० मधल्या. मराठीत त्याचा पोवाडा कोणी रचला नाही.

पुढचंही पाहा. १६४७ च्या सुमारास कोंडाणा स्वराज्यात आला, आणि १६४९ मध्ये शहाजीराजांच्या सुटकेसाठी आदिलशहाला परत द्यावा लागला. मुलाने वडिलांसाठी गड सोडला, यात गोष्ट नाही? शाहिस्तेखानावरच्या छाप्यानंतर जसवंतसिंहाने याला वेढा घातला आणि हात हलवत गेला. १६६५ ला पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले गेले, त्यात हा होता. १६७० च्या त्या रात्रीचं मोल कळायचं असेल तर हा तह आधी सांगायला हवा, नाहीतर मुलांना वाटतं मावळे उगाच कडा चढत होते.

सह्यवारा, तुम्ही सभासदाचा दाखला दिलात म्हणून आणखी एक. ज्या राजाराम महाराजांसाठी ती बखर लिहिली गेली, ते मार्च १७०० मध्ये गेले ते याच गडावर. त्यांची समाधी तिथेच आहे. सहल थांबली होती का तिथे?

सह्यवारा
नाही थांबली. पिठलं-भाकरी, मग देवटाके, मग बस. मीही आग्रह धरला नाही, ही माझी चूक.

पोलादपूरकर, आजोबांबद्दल वाचून गलबललो. पोवाडा बंद करा असं माझं म्हणणं नाहीच. पण तुम्ही सांगितलेली अपशकुनाची बाजू त्या काकांनी सांगितली नव्हती. पोवाड्यातून फक्त प्राणी उचलला, अर्थ तिथेच राहिला. शिवाय घोरपड लावून गड घेतल्याची कथा या एकाच गडाची नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की बहमनी काळात त्यांच्या पूर्वजांनी खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, असाच घेतला आणि त्यावरून आडनाव पडलं. म्हणजे ही कथा आधीपासून फिरत होती. शाहिराने ती तानाजीला दिली.

रानवाटा
या गोष्टीचं एक जिवंत नुकसान आहे. घोरपडीच्या ताकदीबद्दल लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की मांसासाठी, चरबीसाठी तिला मारतात. हत्ताजोडी नावाची भाग्य आणणारी मुळी म्हणून तिचे अवयव विकले जातात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती. गोष्ट सांगणाऱ्याने निदान एवढं तरी जोडावं.

पोलादपूरकर
खेळणा किल्ल्याची कथा मला माहीत नव्हती. तरी मत बदललेलं नाही. शाहिराने आपल्याकडचं सगळ्यात नावाजलेलं लेणं तानाजीच्या अंगावर घातलं, असं मी म्हणेन. चोरी नाही ती.

नागनायकाचं मात्र मनाला लागलं. आठ महिने लढला आणि आमच्याकडे त्याच्यासाठी एक कडवं नाही.

सह्यवारा, येत्या माघ वद्य नवमीला उमरठला या, लेकीला घेऊन. पोवाडा होईल, घोरपडीसकट होईल. तो संपला की तुम्ही उभं राहून सभासदाचा उतारा वाचा. मी लोकांना बसवून ठेवीन.

सह्यवारा
येतो. फक्त क्रम बदलू या. आधी उतारा, मग पोवाडा. घोरपड एकदा डोळ्यांसमोर आली की मुलांना ते दोघे दिसणार नाहीत.

पोलादपूरकर
क्रमाचं नंतर बघू. तुम्ही या.