गाईला ताप, पाय बदलून लंगडतेय, लम्पी आहे की तिवा? (वाघोडिया रोड, वडोदरा)

गोठा_वाघोडिया: मंडळी जरा घाई आहे. आमची गीर गाय काल संध्याकाळपासून तापलीये, तोंडातून लाळ गळतेय, काल मागचा पाय उचलून धरत होती तर आज पुढचा, दूध निम्म्यावर आलंय. अंगावर गाठ मात्र एकही नाही. 2022 मध्ये कच्छ-सौराष्ट्रात लम्पीने जे हाल झाले ते आठवून घरात सगळेच घाबरलेत, आईने सकाळपासून काही खाल्लं नाहीये. बाकीच्या गाईंना आत्ताच लस टोचून घेऊ का? आणि बाजूच्या पडीक शेतात भरवाडांची मेंढरं बसलीयेत, त्यांना लागेल का हे?

ढोरडॉक्टर_आणंद: दादा, आधी 1962 ला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीला, फोन लावा, गाडी घरी येते. वर्णनावरून तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप वाटतोय, पाय बदलून बदलून लंगडणं ही त्याची खूण, ताप 105-106 पर्यंत जातो आणि बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत उठतात. पण लम्पीतही आधी ताप येतो आणि गाठी मागाहून उठतात, म्हणून रोज सकाळी मान, कास, शेपटीखाली हात फिरवून बघा, खांद्यापुढची लसिकाग्रंथी सुजलीये का तेही चाचपा. तिवा असो वा लम्पी, विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टर ताप-दुखण्याचं इंजेक्शन देतील, लागलं तर कॅल्शियम.

आणि हात जोडून सांगतो, बाटलीने काढा-तेल काही पाजू नका!! तिव्यात गिळता येत नाही, ते फुफ्फुसात उतरतं आणि तिव्यातून वाचणारी गाय न्यूमोनियाने जाते. बसली असेल तर छातीवर टेकून बसवा, खाली जाड पेंढा, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, पाणी तोंडाजवळ ठेवा.

पादऱ्याची_मावशी: बाळा, एनडीडीबीने (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने) सांगितलेला विड्याच्या पानांचा उपाय आहे ना, 10 पानं, 10 ग्रॅम मिरी, 10 ग्रॅम मीठ वाटून गुळात. आमच्याकडे लम्पीत दिला होता सगळ्यांनी.

ढोरडॉक्टर_आणंद: मावशी, तो लम्पीसाठी आहे, डॉक्टरांच्या उपचारासोबत चालतो. पण ही गाय नीट गिळायला लागेपर्यंत तोही नको.

मेंढपाळ_मित्र: लसीचं सांगतो. लम्पीला आपल्याकडे गोटपॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस देतात, पण ती धडधाकट जनावरालाच, तापलेल्याला नाही, आणि अंगात ताकद यायला तीनेक आठवडे जातात त्यामुळे पावसाआधी दिलेली बरी. तिव्यावर ती चालत नाही. दर जनावराला सुई नवी, याच्यात अजिबात तडजोड नको, एकाच सुईने गोठाभर टोचलं तर रोग आपणच वाटतो.

मेंढरांना लम्पी-तिव्याची भीती नाही, त्यांचं दुखणं वेगळं, नीलजिव्हा म्हणजे ब्लू टंग. ती बारीक चिलटांमुळे होते, मेंढीचं तोंड सुजतं, तोंडात व्रण पडतात, खुरांच्या वर लाल होऊन लंगडते, आणि लोक लाळ्या-खुरकत समजून बसतात. गाय मात्र वरून ठणठणीत दिसते आणि रक्तात विषाणू घेऊन फिरते, म्हणून गाईंचा गोठा आणि मेंढवाडा एकाच चिखलाला लागून असेल तर मेंढरांना धोका. भरवाडांना सांगा, संध्याकाळी पाणथळ जागेवरून कळप उठवून उंच कोरड्या जागी बसवा, चिलटं दिवस मावळताना आणि रात्री चावतात. नीलजिव्हेच्या विषाणूच्या पाच प्रकारांवरची लस आहे, पशुवैद्यांशी बोलून पावसाआधी घ्यायला सांगा.

गोठा_वाघोडिया: डॉक्टर येऊन गेले, तिवाच म्हणाले, इंजेक्शन दिलंय. आत्ता पाणी प्यायली स्वतःहून, आईने तेव्हा कुठे दोन घास खाल्ले. भरवाडकाकांशी उद्या बोलतो. गोठ्यात फवारणी कशाची करू?

ढोरडॉक्टर_आणंद: छान झालं! फवारणीच्या आधी उकिरडा गोठ्यापासून लांब न्या आणि मुतात भिजलेला पेंढा दर आठवड्याला उचला, चावऱ्या माश्या त्यातच अंडी घालतात. संध्याकाळी पंखा लावा, चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही. औषध डेल्टामेथ्रिनचं, लेबलवरच्या मापानेच, गव्हाणी-दुधाची भांडी झाकून, भिंतीच्या भेगांत नीट मारा, गोचीड तिथेच लपतात. आजारी गाईच्या अंगावर आत्ता नको.