मदत हवी आहे: कुमानो कोदोच्या ओल्या दगडी उताराची तयारी नागपुरात कशी करावी?

नोव्हेंबरमध्ये जपानच्या कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गावर एकट्याने चालायचं आहे. घोडं अडलंय शेवटच्या टप्प्यावर: कोगुची ते नाची, साधारण 14.5 किमी. पहिल्या 5 किमीतच जवळजवळ 800 मीटर चढ, 870 मीटरवर एचिझेन खिंड आणि शेवटी नाचीपर्यंत शेवाळलेल्या पायऱ्या. उलट दिशेने गेलं तर तोच 800 मीटर खडा उतार होतो, म्हणून ते नको. टप्पा गाळायचा नाही. हाच दिवस मला कुणाशी न बोलता, जंगलात सावकाश चालायचा आहे.

पाठीवर 6 किलो घेऊन रामटेकचा गड चढतो-उतरतो. दम टिकतो, पण उतरताना मांड्या थरथरतात आणि पाऊल टाचेवर आपटतं. ओल्या दगडावर घसरतं ते तिथेच. कडक रबराचे बूट, खाचा खोल असूनही, पकड धरत नाहीत. मऊ रबराचे धरतात, पण लवकर झिजतात. काठ्या आहेत, रबरी टोप्यांसकट. मोठी बॅग पुढच्या मुक्कामी पाठवणार.

पावसानंतर हा टप्पा चाललेल्यांनी सांगा: नाचीकडच्या उतारावर मऊ तळ पुरतो का? आणि मांड्यांसाठी सलग मोठा उतार चिखलदऱ्यापेक्षा जवळ कुठे मिळेल?